बुधवार, दुपारी दोन ते चार

(डिलाईल रोडवरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जाईबाईची खोली. ती गिरणीवाल्यांची खानावळ चालवते. १९५७चा फेब्रुवारी, सकाळचे दहा. तिची भाची बकुळा दहा महिन्यांपासून इथेच राहते आहे. आज बकुळेचे सासरे कुशाबा लालबागहून आले आहेत.)

कुशाबा : …आणि शेगडी खिडकीच्या डाव्या अंगाला. मी स्वतः उभा राहून बघितलं. वडाळ्याला वारा मिठागरांकडून येतो. उजव्या अंगाला ठेवलीस तर सगळा धूर तुझ्याच डोळ्यांत. खुंट्या ठोकून आलोय. सात. तीन लवूच्या, तीन तुझ्या, एक छत्रीची.

जाईबाई : छत्री एकच?

कुशाबा : नवराबायको एकत्रच जाणार ना, विहीणबाई.

जाईबाई : जातील की. तुम्ही खुंटी ठोकलीत म्हटल्यावर न जाऊन सांगतील कोणाला.

बकुळा : मामंजी, आधी पाणी प्या. दोन मजले चढून आलात आणि आल्यापासून मला वडाळ्यातच फिरवताय.

कुशाबा : मग कुठं फिरवू? खोली तुमची दोघांची. दत्ताराम नाय, गुणाजी नाय, त्यांच्या बायका-पोरं नाय. मी पण नाय. मी फक्त रविवारी येईन. नवाला येईन, जेवून दोनाला निघेन. पाहिजे तर लिहून देतो.

जाईबाई : लिहू नका हो. तुमच्या लिहिण्याचीच भीती बसलीय पोरीला.

कुशाबा : टोमणा कळतो मला. तो फळा मी जाळला. बंबात घातला. त्या पाण्यानं आंघोळ केली.

जाईबाई : म्हणजे खरंच होता फळा. मला वाटायचं, पोरगी दुःखात आहे, थोडं वाढवून सांगत असेल. माझ्याकडे बावीस माणसं जेवतात, दोन पंगतींत. पण कोण कधी बसतो ते मी कधी दाराला नाही लावलं. तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या, काय होतं ते.

कुशाबा : काय असायचं. व्यवस्था होती. तीस वर्षं साचेखात्यात जॉबर होतो मी. दीडशे माग, आणि कुठल्या मागावर कोण उभा राहणार ते मी फळ्यावर लिहायचो. लिहिलं की भांडण मिटलं. घरी काय वेगळं होतं? दहा बाय बाराची खोली, माणसं अकरा, आणि त्यात तीन मुलगे लग्न झालेले. लग्न झालेल्या माणसाला दोन घटका दार लावून घ्यायला मिळायला नको? त्याचा विचार मी केला. लालबागेत दुसऱ्या कुठल्या बापानं केला ते दाखवा मला. बाकीचे बाप डोळे मिटून बसतात आणि पोरगे जिन्याखाली उसासे टाकत फिरतात. मी मिलमधला जुना फळा आणून दाराला लावला. सोमवार-गुरुवार दत्ताराम. मंगळवार-शुक्रवार गुणाजी. शनिवार मारुतीचा, तो कुणालाच नाय. रविवार पाहुण्यांचा. लवूला मीच कायमची रातपाळी लावून दिली होती, कारण जमिनीवर अकरावा माणूस मावत नव्हता. म्हणून त्याला बुधवार, दुपारी दोन ते चार. तेवढा वेळ बाकीच्यांनी गॅलरीत बसायचं.

बकुळा : संकष्टी आली की वार बुडायचा.

कुशाबा : देवाधर्मापुढं काय करणार.

बकुळा : भरपाई नसायची.

कुशाबा : मिलमध्ये तरी असते का?

बकुळा : मावशी, पावणेदोन झाले की थोरल्या जाऊबाई, शेवंतीबाई, तांदूळ आणि सूप घेऊन बाहेर निघायच्या. मागून धाकट्या जाऊबाई. मागून पोरं. सगळ्यात शेवटी मामंजी, घड्याळ घेऊन. येणाऱ्याजाणाऱ्या बायका ओळीनं बसलेलं घर बघायच्या आणि म्हणायच्या, आज बुधवार वाटतं. मी बुधवारी नळावर जाणंच सोडलं. आणि आत काय, तर रात्रभर मागावर उभा राहिलेला माणूस. पाठ टेकली की झोप. मी त्यांच्या सदऱ्याची बटणं पक्की करत बसायचे. चार वर्षांत त्यांचं एक बटण तुटलं नाही. चार वाजले की मामंजी बाहेरून खोकायचे.

कुशाबा : सूचना नको का द्यायला? एकदम दार कसं उघडणार?

बकुळा : गेल्या वर्षी जानेवारीत तेवढाही वार गेला. मामंजींचे चुलतभाऊ कोंडीरामकाका डिसेंबरात गावाहून आले होते, पाय मोडून. खोलीतच पथारी. जानेवारीपासून त्यांना तेल लावायला वैदू यायला लागला, त्याला बुधवारीच सवड. मामंजींनी आमचं नाव पुसलं आणि त्या जागी लिहिलं : बुधवार, कोंडीरामचा पाय.

जाईबाई : पायाला वार मिळाला.

कुशाबा : एका महिन्याचा प्रश्न होता. मी फेब्रुवारीत परत देणार होतो.

जाईबाई : आणि मग कर्फ्यू. तुम्हाला पोलिसांनी नेलं तो. आमच्या चाळीत तर तुमचं फार नाव झालं होतं व्याही, संयुक्त महाराष्ट्रासाठी आत गेले म्हणून.

कुशाबा : गेलोच होतो. मुंबई तोडणार म्हटल्यावर आमचं पण रक्त तापलेलं होतं. सगळ्या लढ्यांच्या मोर्च्यांत मी चाललोय. पण त्या दिवशी, खरं सांगायचं तर, घोषणा द्यायला नव्हतो उतरलो. गॅलरीतून बघत होतो. नाक्यावर सहा पोलीस एकाच खांबाला टेकून उभे, आणि मागची गल्ली अख्खी मोकळी. बघवेना मला. खाली गेलो आणि त्यांच्या सार्जंटला म्हटलं, दोघं इथं लाव, दोघं तिथं, दोघांना बसव, चार तासांनी बदली कर. एवढंच बोललो. त्यानं मला गाडीत घातलं.

जाईबाई : त्याला पटलं नाही.

कुशाबा : ऐकून तरी घ्यायचं. आठ दिवस कोठडीत होतो. तेवीस माणसं, आणि झोपायला जागा नऊ जणांची. म्हणून तिथं पण मी…

बकुळा : वार लावलेत.

कुशाबा : तास लावले. लोकांनी सुटताना हार घातला मला. कोळशानं भिंतीवर लिहिलं होतं, ते अजून असेल तिथं.

बकुळा : आता मी सांगते, मामंजी. मधे बोलू नका. शेवंतीजाऊबाईंनी तुम्हाला थोडं सांगितलंय, पण त्यांनी तुमचं वय बघून सांगितलं असणार. तुम्हाला गाडीत घातलेलं आम्ही गॅलरीतून पाहिलं. रडलो सगळे, खरंच रडलो. संध्याकाळपर्यंत कोणी चूल पेटवली नाही. मग दत्तारामभावजी उठले आणि त्यांनी दाराचा फळा काढून खाली ठेवला. पोरांनी त्याच्यावर चुन्यानं घरं आखली आणि सोंगट्या मांडल्या. गिरण्या बंद, सगळे घरात, बाहेर गोळीबाराच्या बातम्या. आणि कोंडीरामकाका उठून म्हणाले, जरा शेजारी पत्ते खेळून येतो. आणि चालत गेले.

कुशाबा : चालत?

बकुळा : चालत. पाय नाताळातच बरा झाला होता त्यांचा. तुम्ही दोन महिने विश्रांती ठरवून दिली होती, म्हणून पडून होते बिचारे.

कुशाबा : हे मला शेवंतीनं नाय सांगितलं. मी त्याला खांद्यावर घेऊन मोरीत न्यायचो गो.

बकुळा : त्याचीच त्यांना जास्त लाज वाटायची. तर दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई म्हणाल्या, आम्ही सगळे गच्चीवर वाळवण बघायला चाललो, तुम्ही दोघं थांबा. वाळवण कसलं, जानेवारीत. वार कोणता ते कोणी विचारलं नाही. घड्याळ तुमच्याबरोबर आत होतं. ते आठ दिवस आम्ही बोललो, मावशी. नुसतं बोललो म्हटलं तरी चालेल. चार वर्षं मी त्यांना चहात दोन चमचे साखर घालत होते, कारण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी मला सांगितलं होतं, लवूला गोड लागतं. त्या आठवड्यात ते भीत भीत म्हणाले, बकुळा, साखर नसली तरी चालेल. त्यांना शीळ घालता येते. अख्खं गाणं घालता येतं. मागाचा आवाज त्यांना सहन होत नाही, कानात कापूस घालून उभे राहतात. मला वाटलं, मी एका माणसाचे सदरे चार वर्षं ओळखत होते, माणूस आत्ता भेटला.

कुशाबा : कापूस घालतो? मला कधी दिसला नाय.

बकुळा : तुम्ही फेरीला यायचात तेव्हा काढून खिशात ठेवायचे.

जाईबाई : पुढचं मी ऐकलंय, पण ह्यांच्यासमोर सांग.

बकुळा : आठव्या दिवशी निरोप आला, कुशाबा जॉबर सुटतायत. हातात एक तास होता. सगळ्यांनी मिळून फळा धुतला. मामंजींसारखं अक्षर घरात एकाच माणसाला काढता येतं, यांना. लहानपणी मामंजींनी तेच गिरवून घेतलंय. चुन्याची वाटी मी धरली होती. आपल्या हातानं त्यांनी लिहिलं, बुधवार, कोंडीरामचा पाय. लिहून माझ्याकडे बघून हसले. मी पण हसले. काका जाऊन पथारीवर आडवे झाले आणि कण्हायला लागले. आम्ही सगळे हसत होतो.

कुशाबा : मी हार तसाच गळ्यात घेऊन आधी फळ्याकडे गेलो होतो. एकेकाला विचारलं मी, माझ्यामागं वार पाळलेत ना. दत्ताराम म्हणाला पाळले. गुणाजी म्हणाला पाळले. लवू म्हणाला, पाळले, बाबा.

बकुळा : मी पण म्हणाले. तुम्ही आठ दिवसांत अर्धे झाला होतात, मामंजी. दाढी वाढलेली. तुम्हाला कोण सांगणार, की तुम्ही नव्हतात तेव्हा घर पहिल्यांदा घरासारखं वाटलं.

कुशाबा : सांगायचं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?

बकुळा : ते आम्हाला कुठं माहीत होतं.

कुशाबा : एप्रिलचं नको काढू आता. त्याच्यासाठीच मी आलोय ना इथवर.

बकुळा : म्हणूनच काढते. जाऊबाईंनी तुमच्या हातावर साखर ठेवली आणि सांगितलं, बकुळेला तिसरा महिना आहे. तुम्ही साखर तोंडात टाकलीत. खूश झालात. मी दारामागून बघितलं, खरंच खूश झालात. मग बोटं मोजत फळ्यासमोर जाऊन उभे राहिलात. ट्रंकेतून मागच्या महिन्यांचे कागद काढलेत. साखर तोंडात विरघळली नसेल तोवर तुमचा हिशेब झाला. रातपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवून बसवलंत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, जानेवारीत तुझा वार कधी होता? सगळे होते. दोन्ही भावजी, दोन्ही जावा, भिंतीला टेकलेले काका. सगळ्यांना माहीत होतं. दत्तारामभावजींनी फळा काढला होता. काकांचा पाय उघडा पडला असता. एकेकजण आपापल्या पायांकडे बघत होता. मी यांच्याकडे बघत होते. आणि हे म्हणाले, नव्हता, बाबा.

जाईबाई : एवढंच.

बकुळा : एवढंच. खोटंही नव्हतं ते. नव्हताच वार. मामंजी म्हणाले, मग हे मूल कोणाचं? मी पिशवी भरली. जिन्यावरून मी त्यांना दोनदा हाक मारली. नावानं मारली, लवू म्हणून. नवऱ्याला नावानं हाक मारणारी बाई चाळीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. सगळे बाहेर आले बघायला. ते नाही आले.

कुशाबा : मी त्याला सांगितलं होतं, जागेवरून हलू नको.

जाईबाई : आणि तो हलला नाही. तुमचे माग तरी कधी बिघडतात हो.

कुशाबा : विहीणबाई, मला काय बोलायचं ते बोला. मी बोलणी खायचं ठरवूनच आलोय. ऑक्टोबरात मुलगी झाल्याचा निरोप पाचव्या दिवशी आला. शेवंती मला भात वाढत होती. वाढता वाढता तिनं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, मामंजी, फळा आम्ही पहिल्याच दिवशी काढला होता. मला काही कळेना, कसला फळा. मग कळलं. मला तो भात गिळवेना आणि टाकवेना. हात तसाच घेऊन बसून राहिलो. मग मी लवूला सांगितलं, मला कळलं सगळं, माझी चूक झाली. म्हणाला, बरं, बाबा. मी म्हटलं, बाराव्या दिवशी आपण जाऊ, बारसं करू, तिला घेऊन येऊ. म्हणाला, बरं, बाबा. आधी मी एकटाच निघालो, बोलणी करून ठेवावीत म्हणून. वाळे घेतले होते. नाव पण ठरवलं होतं मी. इथं नाक्यावर पानवाल्याकडे चुना मागितला, तर तो म्हणाला, कुणाकडे? मी म्हटलं, जाईबाईकडे, नातीच्या बारशाला. त्यानं पान खाली ठेवलं. म्हणाला, बाबा, ती तर नवव्या दिवशी गेली.

जाईबाई : मग वर का नाही आलात?

कुशाबा : जिन्यापर्यंत आलो होतो. चार महिने जिन्यापर्यंतच येतोय. दर वेळी वाटतं, वर जाऊन काय सांगणार. मग वडाळ्याची खोली बघितली. आता सांगायला काहीतरी झालं.

बकुळा : काय नाव ठरवलं होतंत?

कुशाबा : सांगू?

बकुळा : नको. सांगू नका. मी एक ठेवलं होतं, मनात. ते एकच असू दे तिला.

कुशाबा : बरं.

बकुळा : पानवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं म्हणालात. यांनी नाही सांगितलं तुम्हाला?

कुशाबा : लवूनं? त्याला कुठं माहीत होतं. मीच घरी जाऊन सांगितलं त्याला. म्हणाला, बरं, बाबा.

जाईबाई : अहो, काय बोलता. नवव्या दिवशी सकाळी मीच मिलच्या दारावर माणूस पाठवला होता. रातपाळी सुटली तसा सरळ इथं आला. अंगाला कापूस चिकटलेला. खानावळीतले चौघं न्यायला तयार होते, त्यानं कोणाला हात लावू दिला नाही. आपल्या दोन हातांवर घेऊन गेला. दोन तासांनी येऊन जिन्यात बसला थोडा वेळ आणि गेला. हिच्याकडे बघवलं नाही त्याला.

कुशाबा : नवव्या दिवशी? नवव्या दिवशी तो घरी आला, आंघोळ केली, झोपला. उठून कामावर गेला. मी त्याला म्हटलं पण, उशीर झाला आज, तर म्हणाला, ट्राम चुकली. म्हंजे मी पानवाल्याकडून ऐकून घरी जाऊन त्याला सांगितलं, तेव्हा त्याला…

बकुळा : तेव्हा त्यांना तीन दिवस झाले होते.

कुशाबा : मला का नाय सांगितलं त्यानं?

बकुळा : मामंजी, मी चार महिने असं धरून चालले होते, की त्या दिवशीसुद्धा ते तुम्हाला विचारूनच आले असतील. तुम्ही पाठवलं असेल, अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन. ते न विचारता आले होते?

कुशाबा : माझ्या आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं.

बकुळा : म्हणजे येता येतं त्यांना.

जाईबाई : बकुळा, रडू नको गो. रड. रड पाहिजे तर.

कुशाबा : तो माफी मागतोय तुझी. ते सांगायचंच राहिलं.

बकुळा : काय म्हणाले?

कुशाबा : म्हणाला, माझ्याकडून कसूर झाली. पुन्हा असं घडल्यास होईल ती शिक्षा मान्य आहे.

जाईबाई : हे कामावर उशिरा गेलं की लिहून देतात ते आहे, व्याही. माझ्या पंगतीत अर्ध्या जणांना पाठ आहे.

कुशाबा : शब्द माझे आहेत. भाव त्याचा आहे.

बकुळा : भाव त्यांचा आहे हे कसं कळलं?

कुशाबा : मी विचारलं ना त्याला, तुला असंच म्हणायचंय ना. म्हणाला, हो, बाबा.

बकुळा : कुठं आहेत ते आत्ता?

कुशाबा : खाली. पानवाल्याजवळ. मी म्हटलं, तू इथं थांब, मी आधी वर जाऊन रस्ता मोकळा करतो, मग तुला हाक मारतो. खण-नारळ दिलाय त्याच्या हातात. थांब, बोलावतोच.

बकुळा : नाही. बसा खाली.

कुशाबा : अगो, तासभर उभा आहे तो.

बकुळा : मामंजी, मला वडाळ्याची खोली चालेल. शेगडी डाव्या अंगाला ठेवीन. रविवारी तुम्ही या, नवाला या, दोनाला जा, मी जेवायला वाढीन. काही मागत नाही मी. ते आपणहून हा जिना चढून येऊ देत. तुम्ही हाक मारायची नाही. खूण करायची नाही. ते आले, तर काही न बोलता आले तरी चालेल, मी पिशवी उचलून त्यांच्याबरोबर उतरेन. आणि तुम्ही बोलावल्यामुळं आले, तर मग वडाळ्याला गेले तरी ते पुन्हा त्याच घरात जाणं होईल.

कुशाबा : त्याला कळणार कसं, की यायचंय?

बकुळा : नवव्या दिवशी कळलं होतं.

जाईबाई : मी गॅलरीतून बघते. व्याही, तुम्हीपण या हवं तर, पण हात मागं बांधा. असे. हां.

कुशाबा : दिसतोय. तिथंच उभा आहे. नारळ कसा धरलाय बघा, शेंडी खाली. सांगितलं होतं मी…

बकुळा : मामंजी.

कुशाबा : नाय बोलत.

जाईबाई : पानवाला त्याच्याशी बोलतोय काहीतरी. हा मान हलवतोय. केस चांगले विंचरलेत आज. बकुळा, तू दारापर्यंत तरी ये. तू एक हाक मार, धावत येईल तो.

बकुळा : मी मारून झाल्यात, मावशी. दोन.

जाईबाई : निघाला. रस्ता ओलांडतोय. गाडी आली म्हणून थांबला. ओलांडला गो, ओलांडला.

कुशाबा : येतोय. मी काही नाय केलं, आपणहून येतोय तो.

जाईबाई : जिन्याशी आला. पायरीवर पाय ठेवला. एक. थांबला.

बकुळा : थांबले?

जाईबाई : मागं सरकून वर बघतोय. गॅलरीकडे.

कुशाबा : माझ्याकडे बघतोय. सूनबाई, तो माझ्याकडे बघतोय. मान हलवू?

बकुळा : नाही.

कुशाबा : नुसती मान गो. इतकीशी.

बकुळा : तुम्ही शब्द दिलाय.

कुशाबा : लहानपणापासून असाच बघतो तो. पाण्यात उतरायच्या आधी. ताटावर बसायच्या आधी. लग्नात मुंडावळ्या बांधून पाटावर उभा होता तेव्हा पण असंच बघितलं होतं त्यानं, मी मान हलवली तेव्हा अंतरपाटाकडे वळला. हसू तरी का थोडा?

बकुळा : नको. पाया पडते तुमच्या. आज काही करू नका.

कुशाबा : बरं.

जाईबाई : बघतोय अजून.

कुशाबा : किती वेळ बघणार हा.

जाईबाई : खण-नारळ पायरीवर ठेवतोय. नीट ठेवतोय, भिंतीशी, कुणाचा पाय लागू नये असा. व्याही, हे काय करतोय तो? अरे, वळला. बकुळा, तो वळला गो.

बकुळा : कुठं?

जाईबाई : रस्त्याकडे. मिलच्या बाजूला. मागं बघत नाही. पानवाला हाका मारतोय त्याला.

कुशाबा : मी काही केलं नाय. विहीणबाई, तुम्ही इथंच होतात, तुम्ही सांगा तिला. हे बघ गो, हात मागंच आहेत. मान पण नाय हलवली मी. हसलो पण नाय.

बकुळा : नाही हसलात, मामंजी. मी बघत होते. तेही तेच बघत होते.